परतीचं पाणी

जानेवारी महिना. कोलोरॅडो राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, क्रूक नावाच्या लहानशा गावाजवळ, साउथ प्लॅट नदीच्या काठच्या विहिरींवरचे पंप सुरू होतात. शेतं रिकामी असतात, नदीच्या कडांना बर्फ धरलेला असतो आणि पाण्याला गिऱ्हाईक नसतं. या विहिरी नदीच्या इतक्या लगत आहेत की त्यातून उपसलं जाणारं पाणी जवळजवळ नदीचंच. पाइपातून ते नदीपासून दूर, दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये नेतात आणि तिथल्या उथळ तळ्यांत सोडून देतात. तळ्यांना अस्तर नाही, सांडवा नाही, त्यांच्याखाली भिजणारं शेत नाही. पाणी वाळूत जिरतं, तळं रिकामं होतं, पुन्हा भरतात. पाणी टिकावं म्हणून कुणी धडपडत नाही, उलट ते लवकर जिरावं म्हणून तळ्याचा तळ मोकळा ठेवतात.

या जागेचं नाव टॅमरॅक. सरकारी वन्यजीव क्षेत्र आहे ते, नेब्रास्काची हद्द तिथून जवळच. वाळूत जिरलेलं पाणी जमिनीखालून नदीकडे सरकत राहतं आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या टंचाईच्या महिन्यांत नदीत परत येतं. वर्षाकाठी सरासरी 10,000 एकर-फूट पाण्याची वेळ अशी बदलून द्यायची, हा कोलोरॅडोनं शेजारच्या राज्याला आणि केंद्र सरकारला दिलेला शब्द आहे. आपल्या मापात हे पाणी 0.44 टीएमसी भरेल. पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यम धरणाच्या एखाद्या आवर्तनाइतकं. एवढ्या पाण्यासाठी तीन राज्यं आणि दिल्लीसारखंच दूरचं एक केंद्र सरकार दहाएक वर्षं वाटाघाटी करत होतं.

10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. पाणी सुमारे 31.13 टीएमसी. टॅमरॅकच्या सत्तरपट. राज्याची सीमा ओलांडून जाणारी नदी, तिच्या काठचा गाळाचा प्रदेश आणि त्यात मुद्दाम मुरवायचं पाणी, हे सगळं दोन्हीकडे सारखं आहे. म्हणूनच साउथ प्लॅटवर गेल्या दीडशे वर्षांत काय घडलं ते खानदेशातल्या आणि वऱ्हाडातल्या वाचकांनी नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं.

साउथ प्लॅटचा खालचा भाग मुळात बारमाही नव्हता. रॉकी पर्वतातलं बर्फ वितळलं की मे-जूनमध्ये नदी दुथडी वाहायची आणि उन्हाळा सरता सरता सपाटीवरच्या वाळूत हरवायची. 1870 मध्ये ग्रीली इथं युनियन कॉलनी नावाची वसाहत उभी राहिली आणि साउथ प्लॅटला मिळणाऱ्या काश ला पूडर नदीवर तिनं पाट काढले. पाठोपाठ वरच्या अंगाला फोर्ट कॉलिन्सवाल्यांनी पाट काढले आणि 1874 च्या उन्हाळ्यात ग्रीलीचं पाणी तुटलं. प्रकरण हमरीतुमरीवर आलं. दोन वर्षांनी, 1876 मध्ये, कोलोरॅडोची राज्यघटना झाली आणि तिच्यात नियम आला: ज्यानं पाणी आधी वापरात आणलं, त्याचा हक्क आधी. काठावर कुणाची जमीन आहे याला किंमत नाही, हक्काच्या तारखेला आहे. टंचाई आली की जुन्या तारखेचा हक्कदार पाण्याची मागणी नोंदवतो आणि त्याच्यानंतरच्या तारखांचे दरवाजे ओळीनं बंद होत जातात. आजही तिथं हेच चालतं.

पाट वाढत गेले तशी एक नवलाची गोष्ट दिसू लागली. वरच्या अंगाला सगळं पाणी उचललं जात असताना खालच्या अंगाला नदी ऐन उन्हाळ्यातही वाहायला लागली. पाटांतून झिरपलेलं आणि शेतांत मुरलेलं पाणी महिन्या-महिन्यांनी खालून नदीत उतरत होतं. फोर्ट कॉलिन्सच्या कृषी महाविद्यालयातल्या लुई कार्पेंटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे पाणी मोजायला घेतलं. 1922 मध्ये राल्फ पार्शल यांनी खालच्या साउथ प्लॅटमधल्या या परतीच्या पाण्यावर सविस्तर पुस्तिका काढली. पार्शल हे नाव आपल्या पाणीपुरवठा खात्यातल्या माणसांना परकं नाही. जलशुद्धीकरण केंद्रात कच्चं पाणी आत येतं तिथं मध्ये गळा आवळलेली जी सिमेंटची पन्हळ असते, ती पार्शल फ्लूम याच माणसाची. पाणी मोजायची सवय लागलेल्या प्रदेशातून ती आली आहे.

म्हणजे साउथ प्लॅट ज्या रूपात आज वाहते, ते रूप तिला शेतकऱ्यांच्या गळक्या पाटांनी दिलं. गळती म्हणजे नासाडी, हे आपण पाटबंधारे खात्याच्या प्रत्येक अहवालात वाचत आलो आहोत. पाटाला अस्तर करा, पाणी वाचवा. कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही तेव्हा त्यात तथ्य असतंच. पण खाली गाळाचा जाड थर असेल आणि त्या थराचा उतार नदीकडे असेल, तर गळलेलं पाणी कुठंतरी कुणाच्या तरी विहिरीत किंवा नदीत जातच असतं. ते थांबवलं की तिथली माणसं कोरडी पडतात. अस्तरीकरणाचा निर्णय घेताना हा हिशेब मांडलेला मी तरी क्वचितच पाहिला आहे.

1923 मध्ये कोलोरॅडो आणि नेब्रास्का यांच्यात साउथ प्लॅटचा करार झाला आणि 1926 मध्ये अमेरिकन काँग्रेसनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. कोलोरॅडोच्या बाजूनं तो डेल्फ कार्पेंटर यांनी घडवला. हे दुसरे कार्पेंटर, ग्रीलीचेच वकील. राज्याराज्यांतली पाण्याची भांडणं कोर्टात नेण्याऐवजी करारानं मिटवावीत हा त्यांचा ध्यास होता. करार थोडक्यात असा: 1 एप्रिल ते 15 ऑक्टोबर या काळात ज्यूल्सबर्गच्या सीमेवरच्या मोजणी केंद्रावर प्रवाह 120 क्युसेकच्या खाली गेला, तर कोलोरॅडोनं नदीच्या खालच्या पट्ट्यातले 14 जून 1897 नंतरचे हक्क बंद करायचे. हिवाळ्यात पाणी कोलोरॅडोनं वापरावं, मात्र नेब्रास्काला एका जुन्या कालव्यासाठी मुभा राहील. ही शेवटची अट त्या वेळी कुणी फार मनावर घेतली नाही. शंभर वर्षांनी ती उफाळून वर आली, तिच्याकडे पुढे येतोच.

करारात एक जागा, एक आकडा आणि एक तारीख आहे. सीमेवर किती, कधी, हे ठरलेलं आहे. विहिरींचा विचार मात्र तेव्हा झाला नाही, कारण मोठ्या विहिरी फारशा नव्हत्याच. त्या आल्या दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, वीज आणि टर्बाइन पंप घेऊन, आणि 1950 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचं पेव फुटलं. काठच्या गाळात पाणी भरपूर, खोली कमी, वर्षभर हाताशी. पाटाच्या पाळीची वाट पाहायला नको. काही वर्षांत जुन्या हक्कांचे पाट उन्हाळ्यात कमी भरू लागले.

विहीर आणि नदी यांचं नातं तिथं गणितात बसवलं गेलं, आणि त्या गणिताला मी या सगळ्या कथेचा कणा मानतो. काठापासून दूर असलेल्या विहिरीनं पाणी ओढलं की आधी तिच्याभोवतीची पातळी खाली जाते. हा खड्डा हळूहळू पसरत नदीपर्यंत पोचतो आणि मग नदीकडे जाणारं पाणी अडतं, कधी नदीचंच पाणी उलट जमिनीत शिरतं. पंप बंद केला म्हणून नदीची घट त्या दिवशी थांबत नाही. खड्डा भरेपर्यंत, महिनोन् महिने, ती चालूच राहते. रॉबर्ट ग्लोव्हर या अभियंत्यानं 1950 च्या दशकात याचं सूत्र मांडलं. 1968 मध्ये अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या सी. टी. जेंकिन्स यांनी ते शेतकऱ्याला आणि पाणी अधिकाऱ्याला वापरता येईल इतकं सोपं केलं. प्रत्येक जागेसाठी एक कालावधी काढायचा: इतके दिवस उपसा केला की उपशाच्या 28 टक्के घनफळाची घट नदीत झालेली असेल. हा कालावधी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकाच प्रकारच्या गाळात दोन किलोमीटरवरच्या विहिरीचा जेवढा परिणाम सहा महिन्यांत नदीवर दिसेल, तेवढाच चार किलोमीटरवरच्या विहिरीचा दिसायला दोन वर्षं लागतील.

हेच सूत्र उलट फिरवलं की पुनर्भरण होतं. कुठल्या तळ्यात पाणी मुरवलं म्हणजे ते किती महिन्यांनी नदीत उतरेल, हे आधी सांगता येतं. तळं निवडणं म्हणजे मुदत ठेवीची मुदत निवडणं. फार जवळ मुरवलं तर पाणी हिवाळ्यातच परत येऊन वाहून जाणार, फार लांब मुरवलं तर गरजेचा उन्हाळा उलटून गेल्यावर येणार. टॅमरॅकची तळी वाळूच्या टेकड्यांत नेमकी तेवढ्या अंतरावर का आहेत, याचं उत्तर इथं आहे. जमिनीत एक थेंबही जादा तयार होत नाही. जानेवारीतलं पाणी जुलैत वापरायला मिळतं, एवढंच. पण नदीच्या बाबतीत हे एवढंच फार मोठं असतं.

1969 मध्ये कोलोरॅडोनं कायदा करून विहिरींनाही तारखांच्या रांगेत उभं केलं. बहुतेक विहिरी 1930 नंतरच्या, म्हणजे रांगेच्या शेवटी. त्यांना चालू राहायचं असेल तर एकच वाट होती: आपल्या उपशामुळे नदीत जेवढी घट येईल तेवढं पाणी, ज्या वेळी आणि ज्या जागी घट येईल त्या वेळी आणि त्या जागी, नदीला भरून द्यायचं. या भरपाई योजनांना पाणी न्यायालयाची मंजुरी लागते. अनेक वर्षं हे काम तात्पुरत्या, वर्षावर्षाच्या परवानग्यांवर चाललं. 2001 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या पद्धतीला हरकत घेतली आणि लगेच 2002 चा भयंकर दुष्काळ आला. जुन्या हक्कदारांचा धीर सुटला. मे 2006 मध्ये, पेरण्या होऊन गेल्या असताना, पुरेशी भरपाई दाखवता न आलेल्या चारशेहून अधिक विहिरी सरकारनं बंद केल्या. उभं पीक डोळ्यांसमोर वाळताना पाहणाऱ्या शेतकऱ्याला सूत्रं आणि तारखा सांगून काय समाधान होणार? त्या खोऱ्यात ही जखम अजून भरलेली नाही.

पुनर्भरणाची तळी वाढली ती या दडपणातून. हिवाळ्यात, जुन्या हक्कांची मागणी नसते तेव्हा, शेतकऱ्यांच्या पाट कंपन्या नदीचं पाणी आपल्या पाटांतून नेऊन तळ्यांत सोडतात. अशा तळ्यावर काय काय असतं ते पाहण्यासारखं आहे. तळ्याच्या तोंडाशी पार्शल फ्लूम. तिच्या शेजारच्या उभ्या नळीत पाण्याची उंची अखंड नोंदवणारं यंत्र. तळ्यात खुणा केलेली मोजपट्टी. आत आलेल्या पाण्यातून बाष्पीभवन वजा करायचं, कडेचं गवत आणि पाणवनस्पती पितात तेही वजा करायचं, उरलेलं पाणी मुरलं असं धरायचं. मग त्या तळ्याच्या कालावधीनुसार ते पाणी कुठल्या महिन्यात किती परत येईल याचा तक्ता, आणि समोर विहिरींच्या मीटरवरून काढलेल्या घटीचा तक्ता. दोन्ही राज्याच्या पाणी अधिकाऱ्याकडे जातात. जमा कमी आणि खर्च जास्त निघाला तर पंप थांबतात. काही तळी डक्स अनलिमिटेड या संस्थेच्या मदतीनं पाणथळीसारखी घडवली आहेत. शेतकऱ्याला भरपाईचं पाणी मिळतं आणि बदकांना हिवाळी मुक्काम.

आता पक्ष्यांकडे वळायला हवं, कारण टॅमरॅकचं पाणी मुळात त्यांच्या नावानं आहे. साउथ आणि नॉर्थ प्लॅट एकत्र येऊन नेब्रास्कात जी प्लॅट होते, तिच्या मधल्या भागात, कार्नी आणि ग्रँड आयलंड या गावांच्या आसपास, फेब्रुवारीअखेर ते एप्रिलपर्यंत सँडहिल क्रौंच जातीचे पाच लाखांहून अधिक पक्षी उतरतात. दिवसा मक्याच्या शेतात दाणे टिपायचे आणि रात्री नदीच्या उथळ, उघड्या पात्रात पाय बुडवून उभं राहायचं, म्हणजे कोल्ह्यांची चाहूल पाण्यातून लागते. याच वाटेनं कॅनडा ते टेक्सास प्रवास करणारा हुपिंग क्रौंच जातो. 1941 मध्ये हे पक्षी जगात जेमतेम वीस-बावीस उरले होते; आज त्या स्थलांतरी कळपात पाचशेहून अधिक आहेत. गोंदियाच्या भातखाचरांत उरलेल्या सारसांची मोजणी दर वर्षी ज्यांच्या काळजाचा ठोका चुकवते, त्यांना या आकड्यांचं मोल सांगायला नको.

वरची धरणं आणि कालवे यांनी प्लॅटचं पाणी घटलं तसं तिचं रुंद पात्र आकसलं. जिथं उघडी वाळू होती तिथं झाडं आणि बोरू माजले. क्रौंचांना रात्री उभं राहायला मोकळी जागा उरेना, वाळूच्या बेटांवर अंडी घालणाऱ्या टर्न आणि प्लोव्हर या पक्ष्यांनाही. संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली केंद्र सरकार खोऱ्यातला प्रत्येक नवा-जुना परवाना अडवू शकत होतं. त्या धाकापोटी 1997 मध्ये कोलोरॅडो, वायोमिंग आणि नेब्रास्काचे गव्हर्नर आणि केंद्राचे अंतर्गत (इंटिरिअर) खात्याचे मंत्री एका सहकार्य करारावर आले आणि 1 जानेवारी 2007 पासून प्लॅट नदी पुनरुज्जीवन कार्यक्रम सुरू झाला. नदीत हवा असलेला प्रवाह आणि असलेला प्रवाह यांतली तूट वर्षाला सरासरी 1,30,000 ते 1,50,000 एकर-फुटांनी कमी करायची, हे उद्दिष्ट. वायोमिंगनं पाथफाइंडर धरणात जागा दिली, नेब्रास्कानं मॅकोनॉही जलाशयात पर्यावरणाच्या नावाचा स्वतंत्र साठा राखला, कोलोरॅडोनं टॅमरॅक. कार्यक्रमाची मुदत आता 2032 पर्यंत वाढवली आहे. नेब्रास्काच्या बाजूलाही 2011 पासून हिवाळ्यात फेल्प्स कालव्यात पाणी सोडून ते मुरवलं जातं. पिकासाठी बांधलेला कालवा पीक नसताना नदीसाठी गळू देतात.

हे सगळं सुरळीत झालं असं म्हणणं खोटं ठरेल. 2006 नंतर विहिरी बंद, पुनर्भरण जोरात आणि वर काही ओली वर्षं. गिलक्रेस्ट आणि स्टर्लिंग या भागांत भूजल इतकं वर आलं की लोकांच्या तळघरांत पाणी भरलं, सांडपाण्याच्या टाक्या तुंबल्या, काही शेतं चिबड झाली. पाण्यासाठी विहिरी बंद केल्या होत्या आणि आता घरात पाणी उपसायचे पंप लावायची पाळी आली. 2012 मध्ये विधिमंडळानं विद्यापीठातल्या जलसंस्थेला या भूजलाचा अभ्यास करायला सांगितलं. सूत्र नदीपुरतं अचूक असेल, पण नदी आणि तळं यांच्या मध्ये गाव असतं. आपल्याकडच्या कालव्यांच्या काठची चोपण जमीन पाहिलेल्यांना हे लगेच कळेल.

दुसरा धडा शेजारच्या रिपब्लिकन नदीचा. कोलोरॅडो, नेब्रास्का आणि कॅन्सस यांच्यात 1943 पासून तिच्या पाण्याचा करार आहे. नेब्रास्कातल्या विहिरींनी नदी आटते आहे, तेव्हा विहिरींचा उपसाही नेब्रास्काच्या वाट्यातून वजा करा, अशी तक्रार घेऊन कॅन्सस 1998 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2002 च्या तडजोडीत ते मान्य झालं आणि भूजलाचं संगणकी प्रारूप करारात आलं. 2015 मध्ये न्यायालयानं नेब्रास्काला 55 लाख डॉलर भरायला लावले. त्याच निकालात नेब्रास्काच्या बाजूनंही एक दुरुस्ती झाली. प्लॅटच्या कालव्यांतून झिरपलेलं पाणी जमिनीखालून पाणलोटाची सीमा ओलांडून रिपब्लिकन खोऱ्यात शिरतं. नेब्रास्काच्या विहिरींनी उचललेलं हे प्लॅटचं पाणी रिपब्लिकनच्या पाण्यात धरू नये, असा हिशेब दुरुस्त झाला. एका नदीच्या कालव्याची गळती दुसऱ्या नदीच्या आंतरराज्य हिशेबात मोजली जाते, इतकं बारीक हे गेलं आहे.

आणि तो जुना कालवा. 1890 च्या दशकात नेब्रास्कावाल्यांनी कोलोरॅडोच्या हद्दीतून पर्किन्स काउंटी कालवा खणायला घेतला आणि अर्धवट सोडला. त्याचे चर ज्यूल्सबर्गजवळ अजून दिसतात. 1923 च्या कराराप्रमाणे तो बांधला तर हिवाळ्यात 500 क्युसेक घेण्याचा दावा नेब्रास्का करू शकतं. जानेवारी 2022 मध्ये नेब्रास्काच्या गव्हर्नरनी तो बांधायची घोषणा केली, विधिमंडळानं पैसे दिले, आणि जुलै 2025 मध्ये नेब्रास्का कोलोरॅडोविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. खरा पेच इथं आहे: कोलोरॅडोतल्या नदीच्या खालच्या पट्ट्यातली पुनर्भरण तळी ज्या हिवाळी पाण्यावर भरतात, त्याच पाण्यावर हा दावा आहे. फुकट वाहून जाणारं पाणी म्हणून ज्यावर तीस-चाळीस वर्षं भरपाई योजना उभ्या राहिल्या, त्याला मालक निघाला. पुराचं जादा पाणी, समुद्राला जाणारं पाणी, हे शब्द आपल्याकडे किती सहज वापरले जातात!

आपल्याकडे आंतरराज्य पाणीवाटपात भूजलाला वेगळंच ठेवण्याची रीत पडली. कृष्णेवरच्या बच्छावत लवादानं राज्यांनी वापरलेलं भूगर्भातलं पाणी कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून धरायचं नाही असं ठरवलं. 1970 च्या दशकात, सबमर्सिबल पंप गावोगाव पोचण्याआधी, तो निर्णय व्यवहार्य होता. नंतर बोअरच्या गाड्यांनी खोरंच्या खोरं विंधून काढलं, पण तो नियम राहिला. भिंत थोडी हलली ती कावेरीच्या बाबतीत: 16 फेब्रुवारी 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूच्या खोऱ्यातलं 10 टीएमसी भूजल विचारात घेऊन कर्नाटकाचा वाटा वाढवला. तिथंही पाणी जिथं मुरतं तिथून नदीत कधी उतरतं, हा प्रश्न उठला नाही. आणि जमिनीचा मालक तोच खालच्या पाण्याचा मालक, ही वहिवाट चालूच आहे. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा आहे, पण विहिरीवर मीटर बसवून दर हंगामाचा उपसा जाहीर करणारं गाव अजून मला कुणी दाखवलेलं नाही.

या पार्श्वभूमीवर तापीचा करार. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी भेगांत बसतं आणि फार लांब सरकत नाही. तापी-पूर्णेचं खोरं हा त्यातला मोठा अपवाद, इथं खोल गाळ आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, सुकी, मोर, अनेर या नद्या डोंगर सोडतात तिथं, दगडगोट्यांचा आणि जाड वाळूचा पट्टा आहे, भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून आलेलं पाणी या पट्ट्यात झपाट्यानं खाली उतरतं आणि तापीकडे सरकतं. रावेर, यावल, चोपड्याचा केळीचा पट्टा या पाण्यावर उभा राहिला आणि त्यानंच ते इतकं उपसलं की पातळी वर्षानुवर्षं खाली जात राहिली.

हे पाणी माणसांनी काही आजच ओळखलेलं नाही. बऱ्हाणपूरला 1615 च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानाच्या काळात कुंडी भंडारा बांधला गेला: सातपुड्याकडून तापीकडे जाणारं भूजल वाटेत अडवायचं आणि जमिनीखालच्या बोगद्यातून उतारानं शहरात आणायचं. वर ओळीनं शंभराहून अधिक कुंड्यांची तोंडं दिसतात. एका कुंडीत लिफ्टनं खाली उतरता येतं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले, पायाखाली स्वच्छ वाहतं पाणी, आणि कुठंही पंप नाही. पायथ्याचं पाणी नदीकडे चाललेलं असतं हे ज्यांनी ओळखलं, त्यांनी त्यातला आपल्यापुरता वाटा घेतला.

नव्या योजनेत खारिया गुटीघाट इथं तापीवर कमी उंचीचा बंधारा आहे, तिथून दोन्ही काठांनी निघणारे लांब कालवे आहेत आणि पावसाळ्यातलं पाणी बझाडा पट्ट्यात मुरवायचं आहे. महाराष्ट्राला सुमारे 19.36 टीएमसी आणि 2,34,706 हेक्टरला लाभ, मध्य प्रदेशाला 11.76 टीएमसी आणि 1,23,082 हेक्टरला. पूर्वीच्या प्रस्तावातलं मोठं धरण, त्यात बुडणारी गावं आणि जंगल हे टळलं, ही चांगलीच गोष्ट. केळीबागायतदाराला या पाण्याची किती आस आहे तेही मला ठाऊक आहे. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून पाणी मुरवून दाखवलं ते याच गाळाच्या बळावर; तोच नमुना सरसकट काळ्या पाषाणावर नेला गेला तेव्हा तो तसा चालला नाही. जमीन योग्य आहे, याबद्दल शंका नाही.

शंका आहे ती नदीबद्दल. जाहीर झालेले आकडे घनफळाचे आणि हेक्टरांचे आहेत. मुरवलेल्या पाण्यातलं किती विहिरींनी घ्यायचं, किती एप्रिल-मेमध्ये तापीत उतरू द्यायचं, ते कुठं मोजायचं, हे त्यात दिसत नाही. उपशावर बंधन नसेल तर मुरलेलं सगळं पाणी वर्षाच्या आत पंपात जाईल, कदाचित केळीचं क्षेत्र आणखी वाढवून, आणि नदी होती तशीच कोरडी राहील. तापीच्या खाली गुजरात आहे, उकाई आहे, सुरत आहे. पावसाळ्यातलं पाणी वर उचललं तर उद्या उकाई अर्धं भरलेल्या वर्षी गुजरात हाच प्रश्न विचारेल, आणि तो रास्त असेल. करारावर दोनच राज्यांच्या सह्या आहेत, नदी तीन राज्यांची आहे.

आणखी एक, अगदी व्यवहारातली गोष्ट. टॅमरॅकमध्ये पाणी थेट नदीतून न घेता काठच्या विहिरींतून घेतात, म्हणजे ते वाळूतून गाळून येतं. तापीचा पावसाळी पूर लाल-काळ्या चिखलाचा असतो. हा चिखल बझाडाच्या गोट्यांत आणि पुनर्भरण विहिरींत शिरला तर काही हंगामांत छिद्रं बुजतील; जिथं दिवसाला कित्येक फूट पाणी मुरत होतं तिथं डबकं साचेल. शेतातून वाहून आलेली खतं आणि औषधंही सोबत जातील, आणि जमिनीखालून ती काढता येत नाहीत. गाळ बसवायची तळी, ती दर उन्हाळ्यात खरवडून काढायचा खर्च, ते कोण करणार याची तरतूद, हे सगळं कालव्याच्या लांबीइतकंच महत्त्वाचं आहे आणि याच गोष्टी निविदेत सगळ्यात आधी कापल्या जातात.

बऱ्हाणपूर आणि सारंगखेडा इथं केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आहेत, तिथल्या प्रवाहाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या आहेत. या दोन्ही नोंदी एकत्र मांडून उन्हाळ्यातल्या तापीत आज जमिनीखालून किती पाणी येतं, ते महिन्यावारी काढता येईल. दोन्ही राज्यांच्या यंत्रणांनी आणि शक्य तर गुजरातच्याही, हे काम पहिल्या कालव्याची पहिली कुदळ पडण्याआधी पुरं करून लोकांसमोर ठेवावं, आणि तो आकडा करारात घालावा. नाहीतर पाणी सुटल्यावर नदीचं स्वतःचं किती होतं आणि मुरवलेलं किती आलं, हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही, आणि मग तिन्ही राज्यांचे वकील त्यावर पुढची तीस वर्षं काढतील.